तिसरी वायर

होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. आमच्या अक्कलकुवा तालुक्यात मोलगीचा बाजार मोठा. डोंगरातल्या पाड्यापाड्यांवरून माणसं येतात. गूळ, डाळ्या, खजूर, नारळ, घुंगरू, कापड, बांगड्या, आरसे यांची खरेदी होते. पाळणे लागतात, ढोल येतात. मग जवळच्या काठीची राजवाडी होळी. ती १२४६ सालापासून चालत आली असं सांगतात. रात्रभर नाच झाल्यावर ती पहाटे पेटते. या सगळ्याचे फोटो आता सगळीकडे जातात. मला आज त्या फोटोंत न येणाऱ्या एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे. या बाजारात रात्री जे दिवे लागतात त्यांची वीज कुठून येते, कशी जोडलेली असते आणि ती तपासतं कोण?

बाजारात माल विकणाऱ्यांत आपली माणसं पुष्कळ असतात. बांगड्यांचे मणियार, फळांचे बागवान, पानसुपारीचे तांबोळी, अत्तर-सुरमावाले, भांडीवाले. अनेकांकडे आता पिकअप गाडी असते. मागच्या हौद्यावर लोखंडी सांगाडा, त्यावर पत्रा, वर ताडपत्री. दिवसा ती गाडी दुकान आणि रात्री घर. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, तिथून जत्रेला, तिथून उरुसाला असा हंगामभर मुक्काम गाडीतच. बायका-मुलंही बरोबर असतात. माझे मामू असेच फिरतात. मी पोटापाण्याला वायरमन आहे, त्यामुळे मोलगीच्या बाजाराला ते मला हमखास बोलावतात.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेले पर्यटक येतील, त्यांच्यासाठी कॅराव्हॅन पार्क उभे राहतील, तिथे पाणी, रस्ता आणि विजेची जोडणी असेल अशी ती कल्पना. उद्या तोरणमाळला असा पार्क झाला तर मला आनंदच होईल. पण तो शब्द वाचून हसू आलं. कॅराव्हॅन म्हणजे आपला कारवाँच. फारसीतून युरोपात गेला आणि इंग्रजी टोपी घालून परत आला. आमचे कारवाँ मोलगीच्या बाजारात कधीपासून उतरतात. त्यांच्यासाठी धोरण नाही, एवढाच फरक.

परदेशात अशा गाड्यांच्या तळावर प्रत्येक जागेसमोर एक खांबासारखी पेटी असते. अमेरिकेत तिच्यात तीस आणि पन्नास अँपिअरचे सॉकेट असतात, युरोपात सोळा अँपिअरचा निळा गोल प्लग असतो. माणूस आला, गाडी लावली, प्लग खोचला, झालं. पण तिथले जाणते लोक प्लग खोचण्याआधी त्या पेटीचं वायरिंग स्वतः तपासतात. फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना, अर्थिंग खरंच आहे ना, व्होल्टेज बरोबर आहे ना. कारण तळ दुसऱ्याचा, पेटी दुसऱ्याची, आदल्या रात्री तिथे कोण होतं आणि त्याने काय केलं हे कोणालाच माहीत नसतं. गाडीचा पत्रा जिवंत झाला तर तिथे त्याला 'हॉट स्किन' म्हणतात. अमेरिकेत घरातला दाब १२० व्होल्ट असतो, आपल्याकडे २३०. म्हणजे तपासायची गरज आपल्याला जास्त.

मोलगीत त्या पेटीच्या जागी काय असतं? लाकडी फळीवर दोन सॉकेट, एक स्विच, कधी एक एमसीबी, कधी तीही नाही. फळी बांबूला तारेने बांधलेली. ती जवळच्या दुकानाच्या मीटरवरून आलेली असते. दुकानदार गाडीमागे रात्रीचे पैसे घेतो, एक वायर फेकतो आणि आपल्या गिऱ्हाइकात गुंततो. रीतसर तात्पुरती जोडणी महावितरणकडून मिळते, पण त्यासाठी अर्ज, अनामत रक्कम, कागद लागतात. दोन रात्रींसाठी आलेला बांगडीवाला हे कधी करणार? तिसरा मार्ग सगळ्यांना माहीत आहे. वरून जाणाऱ्या तारेवर आकडा.

या तिन्ही मार्गांनी दिवा लागतो. आणि इथेच सगळी फसगत आहे. दिवा लागायला दोन वायर पुरतात. फेज आली, न्यूट्रल आली, बल्ब पेटला. त्या दोन वायर उलट्या जोडल्या तरी बल्ब पेटतो. तिसरी वायर, म्हणजे अर्थिंगची हिरवी, तुटलेली असली, मुळात नसली, भलत्याच ठिकाणी जोडलेली असली तरी बल्ब तितकाच लख्ख पेटतो, पंखा तितकाच जोरात फिरतो. तिसरी वायर रोज काहीच करत नाही. तिचं काम एखाद्याच दिवशी पडतं, आणि त्या दिवशी ती जागेवर नसेल तर माणूस जातो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. होळी रमजानातच आली होती. मी मगरिबच्या थोडं आधी पोचलो. मामूंची गाडी लागली होती, फळी मिळाली होती, दिवे पेटले होते. इफ्तारीची तयारी चालू होती. मामूंची नात, सहा-सात वर्षांची, आत बसून खजूर मोजत होती. मामींनी हाक मारली तशी ती गाडीच्या दाराची लोखंडी पट्टी धरून खाली उतरायला लागली. पाय जमिनीला लागताच ओरडून मागे पडली, पुन्हा गाडीतच. पायात प्लास्टिकची चप्पल होती, जमीन कोरडी होती, म्हणून झिणझिण्यांवर भागलं. दोन पावलांवर हातपाय धुण्याचं पाणी सांडून चिखल झाला होता. ती तिथे अनवाणी उतरली असती तर हा लेख मी लिहिला नसता.

मी आधी दुकानाकडचा स्विच बंद करून घेतला. मामू गोंधळले. "लाइट तो बराबर लग रही थी ना बेटा?" म्हणाले. लागत होतीच. तासभर सगळे त्या गाडीत बसले होते, कोणाला काही जाणवलं नव्हतं. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गाडी रबरी टायरांवर उभी असते. पत्र्यात २३० व्होल्ट आले तरी ते जमिनीत जात नाहीत, म्हणून फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही. आत बसलेला माणूस सगळीकडून त्याच दाबात असतो, तारेवर बसलेल्या पाखरासारखा. त्याला काही होत नाही. ज्याचा हात पत्र्याला आणि पाय जमिनीला, तो धोक्यात. म्हणजे गाडीतून उतरणारा, गाडीत चढणारा, बाहेर उभा राहून फळीवर हात टेकून भाव विचारणारा. चांदीचे कडे-वाळे घातलेली, अनवाणी पायांनी डोंगर उतरून आलेली आपली गिऱ्हाईक बाई.

फळी उघडून पाहिली. अर्थिंगची वायर आलीच नव्हती. दुकानातून दोनच वायर निघाल्या होत्या. पण सॉकेटमध्ये अर्थच्या मोठ्या भोकाच्या मागे एक छोटा तुकडा लावून ते न्यूट्रलला जोडलेलं होतं. हा जुगाड मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. कोणी टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग बघितलं तर बल्ब पूर्ण पेटतो आणि 'अर्थिंग एकदम कडक' असं वाटतं. खरं तर अर्थिंगच्या नावाने न्यूट्रलच दाखवलेला असतो. त्यात त्या दिवशी दुसरी गडबड झाली होती. मधल्या जोडावर कोणीतरी दोन वायर उलटसुलट केल्या होत्या. दोन्ही काळ्या, ओळखायला खूण नाही. त्यामुळे न्यूट्रलच्या जागी फेज आली. आणि न्यूट्रलला बांधलेली अर्थ पिनही फेज झाली. मामूंनी तीन पिनांचा चांगला प्लग वापरला होता, गाडीचा सांगाडा नीट अर्थला जोडला होता. त्या चांगुलपणानेच सगळा पत्रा जिवंत केला.

दुकानदाराला दाखवलं. तो म्हणाला, "इतकी वर्षं हीच फळी आहे, कोणाला काही झालं नाही." तो वाईट माणूस नव्हता. इफ्तारीला त्याने स्वतः बर्फ आणून दिला. त्याला खरंच वाटत होतं की दिवा लागतोय म्हणजे काम झालं.

म्हणून तपासायचं कसं, हे इथे सविस्तर लिहितो. वाचणाऱ्यांत फिरते व्यापारी असतील, मंडपवाले असतील, उरुसाच्या कमिटीतले असतील. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली गोष्ट, प्लग खोचण्याआधी तपासायचं, नंतर नाही. तीन पिनांच्या सॉकेटकडे समोरून पाहिलं की वरचं मोठं भोक अर्थचं, उजवीकडचं फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं. टेस्टर फक्त उजवीकडे पेटला पाहिजे. डावीकडे पेटला तर वायर उलट्या आहेत. वरच्या भोकात पेटला तर त्या फळीला हात लावू नका आणि तिथून वीज घेऊ नका. मोलगीतली फळी या एका साध्या टेस्टरने पकडली गेली असती. टेस्टरही आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर पेटवून बघायचा. बिघडलेला टेस्टर सगळीकडे 'धोका नाही' असंच सांगतो.

दुसरी गोष्ट, टेस्ट लॅम्प किंवा मीटर. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तितकंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळजवळ शून्य. फेज-अर्थमध्ये बल्ब मिणमिणला तर अर्थिंग कच्चं आहे. बल्ब लावताच ईएलसीबी पडली तर घाबरू नका, ती तिचं काम करते आहे. मात्र वर सांगितलेला जुगाड या परीक्षेत पास होतो. तो पकडायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करायचा, सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरचा बझर लावायचा. वाजला तर समजा, आत कुठेतरी दोन्ही बांधलेले आहेत.

तिसरी गोष्ट, अर्थिंगचा खिळा. बाजारात कोणी जाणता असला तर लोखंडी सळई जमिनीत ठोकतो आणि हिरवी वायर तिला बांधतो. नियत चांगली, पण हिशेब बघा. होळीच्या दिवसांत सातपुड्यातली जमीन कोरडी ठणठणीत, खाली मुरूम आणि काळा खडक. अशा जागी हातभर सळईचा रोध सहज शंभर ओहम भरतो. पत्र्यात फेज उतरली तर २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. सोळा अँपिअरची एमसीबी त्याला ओळखणारसुद्धा नाही. पत्रा जिवंतच राहील. घराच्या अर्थिंगसाठी खोल खड्डा खणून कोळसा, मीठ घालतात, वरून पाणी ओततात, ते याचसाठी. दोन रात्रींच्या बाजारात तो खड्डा कोण खणणार?

याला उत्तर ईएलसीबी, आता जिला आरसीसीबी म्हणतात. लोक तिला एमसीबीची मोठी बहीण समजतात. दोघींचं काम वेगळं आहे. एमसीबी वायरला जपते. लोड जास्त झाला, शॉर्ट झालं, की ती पडते. माणसाला धरलेल्या शॉकची तिला खबरही लागत नाही. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध साधारण हजार ओहम धरला तर त्याच्यातून ०.२३ अँपिअर जातो. सोळा अँपिअरचा सत्तरावा हिस्सा. जीव घ्यायला तो पुष्कळ झाला. दहा मिलिअँपिअरच्या पुढे पकडलेला हात सोडवत नाही, तीस-चाळीसच्या पुढे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात. ईएलसीबी काय करते, तर फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला का ते मोजत राहते. तीस मिलिअँपिअरची तूट आली की क्षणात वीज तोडते. अर्थिंग कच्चं असलं तरी ती पडते, कारण वर काढलेले २.३ अँपिअर तिच्या दृष्टीने फार मोठे आहेत. हजार-दोन हजार रुपयांत येते. गाडीत कायमची बसवून घ्या. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, नवीन जागी जोडणी घेतली की ते एकदा दाबायचं. पडली तर चांगली. पण एक ध्यानात ठेवा. गाडीतली ईएलसीबी गाडीच्या आतल्या बिघाडापासून वाचवते. फळीच्या अर्थ पिनमधूनच फेज आली तर ती हिरव्या वायरने तिला वळसा घालून पत्र्यावर येते. म्हणून ईएलसीबी फळीच्या मुळाशी, दुकानाकडेही पाहिजे, आणि टेस्टर तर खिशात पाहिजेच.

चौथी गोष्ट, वायरची जाडी आणि लांबी. दुकानापासून गाडीपर्यंत पन्नास मीटर वायर गेली तर जाऊन-येऊन शंभर मीटर. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा शंभर मीटरला रोध पावणेदोन ओहमच्या वर. दहा अँपिअर ओढले तर अठरा व्होल्ट वाटेतच गेले आणि एकशे ऐंशी वॅट उष्णता त्या वायरमध्ये निर्माण झाली. वायर मोकळी असेल तर निभावतं. तिचं वेटोळं करून गादीखाली सरकवलं असेल तर ती तापत राहते. सकाळी सहरीच्या वेळी इलेक्ट्रिक शेगडी लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. निदान अडीच चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल घ्यावी आणि वेटोळं पूर्ण सोडावं. जोड जमिनीपासून वर, पाण्यापासून लांब, आणि केबल गाडीच्या चाकाखाली किंवा पत्र्याच्या कडेवरून नको.

पाचवी गोष्ट मोठ्या पाळण्यांच्या आणि मंडपांच्या लोकांसाठी. तीन फेज आणून दुकानांना वाटून देतात तेव्हा सगळ्यांचा न्यूट्रल एक असतो. तो कुठे ढिला झाला किंवा तुटला, तर ज्या फेजवर कमी लोड आहे तिथल्या दुकानांत व्होल्टेज चढत जातं, चारशेपर्यंत जाऊ शकतं. खूण अशी की काही दुकानांतले दिवे एकाएकी डोळे दिपवणारे होतात आणि त्याच वेळी दुसरीकडचे मंदावतात. लोक म्हणतात 'लाइट वरखाली होतेय'. तसं दिसलं की विचार न करता मेन बंद. बल्ब जातील त्याचं दुःख नाही, आग लागते.

आता कोणी म्हणेल, एवढ्या तेवढ्या बाजारासाठी हे कशाला? २७ एप्रिल २०२२ रोजी तमिळनाडूतल्या तंजावरजवळ कळिमेडू गावात मंदिराचा रथ वरच्या विजेच्या तारेला लागला, अकरा माणसं गेली. २९ जुलै २०२३ रोजी झारखंडमधल्या बोकारो जिल्ह्यात मोहरमच्या मिरवणुकीत ताजिया उच्च दाबाच्या तारेला लागला, चौघं गेले. ते अपघात मोठे होते म्हणून बातमी झाली. बाजारातला, जत्रेतला एकटादुकटा माणूस 'शॉक लागून' जातो तेव्हा स्थानिक पेपरात चार ओळी येतात. मोलगीला ग्रामीण रुग्णालय आहे, पण पुढच्या उपचाराला न्यायचं म्हणजे देवगोई घाट उतरायचा. हृदय थांबलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. त्याला वायरपासून सोडवायचं ते आधी वीज तोडून. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानेच, हाताने कधीच नाही. आणि श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची.

आकड्याबद्दल बोलणं अवघड आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ प्रमाणे ती चोरी आहे, आणि आपल्या दीनमध्ये तर शंकाच नाही. पण मी हे कुठे उभा राहून बोलतो आहे, तेही पाहिलं पाहिजे. याच अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली सरदार सरोवरात गेलं. अक्राणी तालुक्यातल्या बिलगावच्या लोकांनी श्रमदान करून धबधब्यावर पंधरा किलोवॅटचा छोटा वीजप्रकल्प उभारला. २००३ साली त्यांच्या घरी दिवे लागले आणि २००६ मध्ये तो प्रकल्पही धरणाच्या फुगवट्यात गेला. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. नर्मदेच्या काठच्या किती पाड्यांवर तोवर तार पोचली नव्हती, हे इथल्या कोणालाही विचारा. अशा माणसाला मी आकडा हराम आहे एवढंच सांगून मोकळा होऊ शकत नाही. मी त्याला दुसरी गोष्ट सांगतो. आकड्याला ना कटआउट, ना अर्थिंग. तो पडला तर तोडायला स्विच नाही. आणि त्यावर काही झालं तर तक्रार कोणाकडे करणार? ज्याची जोडणी चोरीची, त्याला 'माझं वायरिंग तपासून द्या' म्हणायचा हक्कच उरत नाही. नुकसान महावितरणचं होतं ते वेगळं, पहिलं नुकसान त्या गाडीत झोपलेल्या लेकरांचं.

दुकानदाराच्या फळीचं काय? ती चोरीची नव्हती. पैसे घेऊन दिलेली होती. इथे मला एक हदीस आठवते. अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. वैद्यकी येत नसताना जो वैद्यकी करतो तो होणाऱ्या नुकसानीला जबाबदार, असा तिचा आशय. तिथला अरबी शब्द 'ज़ामिन'. आपल्या मराठीतला जामीन तोच. फकीहांनी वैद्याच्या संदर्भात यावर खूप लिहिलं आहे. मला वाटतं, वायरमनलाही ते लागू करायला हरकत नसावी. ज्याने पैसे घेऊन वायर दिली, तो त्या रात्रीपुरता त्या गाडीतल्या जिवांना जामीन आहे. त्याला हे काम येत नसेल तर येणाऱ्याला बोलवावं. 'मी फक्त वायर टाकली' म्हणून सुटका नाही.

बुखारीच्या संग्रहात दिव्यांबद्दलही एक सूचना आहे. रात्री झोपताना दिवे विझवावेत, कारण उंदीर वात ओढून नेतो आणि घर पेटतं. लहानपणी मदरशात ऐकलं तेव्हा मला उंदराचीच गंमत वाटली होती. आता कामाच्या नजरेने बघतो तेव्हा कळतं की ही शुद्ध सुरक्षेची सूचना आहे. घरात झोपलेल्यांना न दिसणारा धोका कुठून येईल, याचा आधी विचार करून ठेवलेला. अल्लाहवर भरवसा ठेवायचाच, पण वातीकडे बघून झोपायचं. वाटेतला काटा उचलणं हा ईमानचा भाग आहे असं आपण मुलांना शिकवतो. पत्र्यात उतरलेली फेज काट्यापेक्षा वाईट, कारण ती दिसत नाही.

त्या वर्षी मी मामूंच्या फळीवर तीन तारांची केबल टाकली, दुकानाच्या अर्थिंगला जोडली, दुकानाच्या मीटरशी ईएलसीबी बसवली. दुकानदाराने तिचे पैसे दिले, घासाघीस करून. मग शेजारच्या भांडीवाल्याने बोलावलं, त्याच्या पलीकडच्या पाववड्याच्या गाडीने बोलावलं. तरावीहपर्यंत सात फळ्या पाहिल्या. सातांपैकी दोनच नीट होत्या.

एकट्या वायरमनने टेस्टर घेऊन फिरणं हा काही उपाय नव्हे. बाजाराची जागा ठरलेली आहे, दिवस ठरलेले आहेत. ग्रामपंचायतीने मैदानाच्या कडेला चार-पाच कायमचे खांब उभे करावेत. प्रत्येकावर बंद पेटी, एक मीटर, ईएलसीबी आणि खाली नीट खणलेला, पाणी घातलेला अर्थिंगचा खड्डा. जो गाडी लावेल त्याने पावती फाडून वीज घ्यावी. दुकानदार आज जे पैसे खिशात घालतो ते पंचायतीला मिळतील. बाजाराच्या आदल्या दिवशी परवानाधारक वायरमनकडून पेट्या तपासून घेऊन पेटीवर तारीख लिहावी. अक्कलकुव्याच्या जामिया इशातुल उलूममध्ये मदरशाबरोबर पॉलिटेक्निक चालतं. तालुक्यात विजेचं शिकणारी मुलं आहेत. पाड्यांवरचीही मुलं आयटीआयला जातात. ही दोन्हीकडची पोरं बाजाराच्या सकाळी टेस्टर, मीटर घेऊन फिरली, तर दुपारच्या आत सगळ्या फळ्या होतील. कॅराव्हॅन पार्कसाठी शासन हेच करणार आहे. भोंगऱ्या बाजारासाठी करायला वेगळं धोरण लागणार नाही.

तोवर, बाजाराला निघताना मालाच्या यादीत दोन वस्तू वाढवा, एक टेस्टर आणि एक टेस्ट लॅम्प. जागा मिळाली की ताडपत्री सोडण्याआधी फळीच्या वरच्या भोकात टेस्टर लावून बघा. प्लग खोचल्यावर तोच टेस्टर गाडीच्या रंग नसलेल्या एखाद्या नटावर लावा. पेटला नाही, तर मुलांना खाली उतरू द्या.